डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय इमर्जन्सी गोळी: किशोरवयीन मुलींचे आणि त्यांच्या घरच्यांचे प्रश्न

इमर्जन्सी गोळी म्हणजे असुरक्षित संबंध आल्यावर गर्भ राहू नये म्हणून घ्यायची गोळी. घाई असेल तर पहिली तीन उत्तरं वाचून उठा, बाकीचं नंतर वाचता येईल. मुलींनी विचारलेल्या प्रश्नांना ‘तू’ म्हणून उत्तर दिलं आहे, मोठ्यांना ‘तुम्ही’.

काल रात्री संबंध आला आणि कंडोम फाटला. आत्ता काय करू?

तास मोज. या औषधात वयापेक्षा, वजनापेक्षा, कशाहीपेक्षा तासांना महत्त्व आहे.

७२ तास, म्हणजे तीन दिवस झाले नसतील तर लेव्होनॉर्जेस्ट्रेल या औषधाची १.५ मिलिग्रॅमची एक गोळी घे. काही ठिकाणी ०.७५ मिलिग्रॅमच्या दोन गोळ्यांचं पाकीट मिळतं. त्या पूर्वी १२ तासांच्या अंतराने घ्यायला सांगत, पण दोन्ही एकदम घेतल्या तरी परिणाम तेवढाच होतो. एकदम घेणंच बरं, दुसरी विसरायची भीती नाही. जेवण झालंय की नाही याने काही बिघडत नाही.

तीन दिवस उलटलेत पण पाच झालेले नाहीत? मग लेव्होनॉर्जेस्ट्रेलचा जोर ओसरलेला असतो. युलिप्रिस्टल नावाची ३० मिलिग्रॅमची दुसरी गोळी १२० तासांपर्यंत चालते. आणि तांबी, म्हणजे कॉपर टी, पाच दिवसांच्या आत बसवून घेतली तर ती या सगळ्यांपेक्षा खात्रीची.

आता तासांचा फरक किती पडतो ते बघ. जागतिक आरोग्य संघटनेने साधारण दोन हजार स्त्रियांवर केलेली एक चाचणी १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. लेव्होनॉर्जेस्ट्रेल पहिल्या २४ तासांत घेणाऱ्यांपैकी ०.४ टक्के स्त्रियांना दिवस गेले. दुसऱ्या दिवशी घेणाऱ्यांत हे प्रमाण १.२ टक्के होतं, तिसऱ्या दिवशी २.७ टक्के. गोळी तीच, फक्त उशीर झाला. म्हणून ‘७२ तासांची गोळी’ हे नाव मला आवडत नाही. ७२ तास हातात आहेत असं वाटून माणूस निवांत होतो. ‘दुसऱ्या सकाळची गोळी’ हे नावही तसंच फसवं. रात्री अकराला दुकान उघडं असेल तर सकाळपर्यंत थांबायचं काही कारण नाही.

ही गोळी घेण्याआधी तपासणी, सोनोग्राफी, रक्त वगैरे?

काहीही लागत नाही. चिठ्ठीची अट अनेक देशांनी काढली त्यामागे हे एक मोठं कारण आहे. डॉक्टरने तपासून ठरवावं असं यात फारसं नसतं. गोळी कधी घ्यायची हे बाईला स्वतःला कळतं, मात्रा सगळ्यांना एकच, आणि एका खेपेत काम संपतं.

माझं वय कमी आहे. चिठ्ठी नसताना दुकानदार देईल का?

हे तू कुठल्या देशात आहेस त्यावर ठरतं. औषध सगळीकडे तेच असलं तरी कायदे निराळे आहेत.

अमेरिकेत २०१३ पासून लेव्होनॉर्जेस्ट्रेलच्या एका गोळीच्या पाकिटाला वयाची अट नाही आणि चिठ्ठीही लागत नाही. युलिप्रिस्टलला मात्र तिथे अजून चिठ्ठी लागते. युरोपात उलट घडलं. २०१५ मध्ये युलिप्रिस्टललाच चिठ्ठीतून मोकळं केलं गेलं, आणि तोवर दोन्ही गोळ्यांना चिठ्ठी मागणाऱ्या जर्मनीने त्याच वर्षी मार्चमध्ये दोन्ही खुल्या केल्या. फ्रान्स यात सगळ्यांच्या पुढे. तिथे १९९९ पासून ही गोळी चिठ्ठीशिवाय मिळते, शाळेतल्या नर्सला ती देण्याची मुभा आहे, आणि २००२ पासून अल्पवयीन मुलींना औषधाच्या दुकानात ती फुकट मिळते. ब्रिटनमध्ये २००१ साली केमिस्टकडे मिळू लागली ती १६ वर्षांवरच्यांसाठी. त्याहून लहान मुलींना डॉक्टर, दवाखाने आणि काही ठरावीक दुकानांतल्या योजनांतून मिळते. भारतातही लेव्होनॉर्जेस्ट्रेल चिठ्ठीशिवाय विकत मिळते.

कागदावरचा नियम आणि दुकानातला अनुभव यांत अंतर असतं, हेही सांगून ठेवते. नियमात वयाची अट नसलेल्या ठिकाणीही दुकानदार ‘नाही’ म्हणतात, ओळखपत्र मागतात, ‘आईला घेऊन ये’ म्हणतात. अशा वेळी हुज्जत घालत तास घालवू नकोस. दुसरं दुकान गाठ, नाहीतर सरकारी दवाखाना किंवा कुटुंबनियोजन केंद्र. आपलं म्हणणं खरं करायला पुढे पुष्कळ वेळ आहे.

काय म्हणून मागू? तोंडातून शब्दच फुटत नाही.

‘लेव्होनॉर्जेस्ट्रेल दीड मिलिग्रॅम द्या.’ बस. कागदावर किंवा मोबाइलवर लिहून दाखवलंस तरी चालेल. केमिस्ट संबंध कधी आला, शेवटची पाळी कधी आली आणि दुसरं कुठलं औषध चालू आहे का, एवढं विचारू शकतो. हे तीन प्रश्न कामाचे आहेत, त्यांची खरी उत्तरं दे. मुलगा कोण, लग्न झालंय का, घरी माहीत आहे का, यांचा गोळीशी काडीचाही संबंध नाही.

पाकीट घेतल्यावर मुदत संपल्याची तारीख बघ. सील फुटलेलं किंवा सुटी गोळी घेऊ नकोस.

घरी कळवतील का?

दुकानातून नुसती गोळी घेतलीस तर सहसा कुणी कुणाला कळवायचा प्रश्न येत नाही. दवाखान्यात गोष्ट थोडी वेगळी. ब्रिटनमध्ये १९८५ साली गिलिक खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने एक कसोटी घालून दिली: १६ वर्षांखालच्या मुलीला उपचार काय आहे हे नीट समजत असेल, तर ती स्वतः संमती देऊ शकते आणि आईवडिलांना सांगितलंच पाहिजे असं नाही. तो खटला मुळात अल्पवयीन मुलींना गर्भनिरोधक देण्यावरूनच उभा राहिला होता. सगळीकडे मात्र असं नाही. काही देशांत ठरावीक वयाखालच्या मुलीचा संबंध आल्याचं कळलं तर डॉक्टरांना पोलिसांना किंवा बालकल्याण यंत्रणेला कळवावंच लागतं.

म्हणून आपली हकीकत सांगायला सुरुवात करण्यापूर्वी एक प्रश्न विचार: ‘मी सांगेन ते तुमच्यापाशीच राहील का, की कुणाला सांगणं तुम्हाला भाग आहे?’ चांगला डॉक्टर याचं सरळ उत्तर देतो.

ही गर्भपाताची गोळी आहे ना?

नाही. आणि हा गैरसमज इतका चिवट आहे की उत्तर थोडं लांबण देऊन सांगते.

संबंध आला त्याच क्षणी गर्भ राहत नाही. पुरुषबीज बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतं. बीजकोषातून सुटलेलं अंडं मात्र जेमतेम एक दिवस टिकतं. म्हणजे बहुतेक वेळा पुरुषबीज आधी येऊन अंड्याची वाट बघत असतं. गोळी काम करते ती या वाट बघण्याच्या काळात. अंडं बाहेर पडण्याआधी मेंदूतून एका संप्रेरकाची लाट येते, तो अंड्याला मिळालेला निघण्याचा इशारा. लेव्होनॉर्जेस्ट्रेल ही लाट दाबतं किंवा पुढे ढकलतं. अंडं वेळेवर बाहेर पडलं नाही की पुरुषबीज वाट बघून संपून जातं.

यातच तिची मर्यादाही आली. लाट सुरू झाल्यावर लेव्होनॉर्जेस्ट्रेल घेतलं तर त्याचा उपयोग जवळजवळ होत नाही. युलिप्रिस्टल लाट सुरू झाल्यानंतरही, ती शिगेला पोचेपर्यंत, अंडं अडवू शकतं, म्हणून ते जास्त प्रभावी मानलं जातं. आणि गर्भ रुजला असेल तर लेव्होनॉर्जेस्ट्रेल त्याचं काहीच करत नाही. तो पाडतही नाही आणि त्याला इजा झाल्याचंही आढळलेलं नाही.

अमेरिकेत कितीतरी वर्षं या गोळीच्या पाकिटावर लिहिलेलं असे की ती फलित अंडं गर्भाशयात रुजण्याला अडथळा आणू शकते. पुराव्याशी न जुळणारं ते वाक्य तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०२२ मध्ये काढायला लावलं. गर्भपाताची औषधं वेगळी असतात, मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल. ती वैद्यकीय देखरेखीखाली घ्यायची. दुकानात नावांची गल्लत होऊ देऊ नकोस.

पाळी येऊन आत्ताच चार दिवस झालेत. ‘सेफ’ दिवस आहेत, मग गोळी कशाला?

पाळी सुरू झाल्यानंतरची पहिली काही वर्षं चक्र नियमित नसतं. कधी चोवीस दिवस, कधी चाळीस. अंडं कधी सुटेल याचा हिशेब पंचविशीतल्या बाईलाही नीट लागत नाही, सोळाव्या वर्षी तर सोडूनच दे. एकदाही पाळी आलेली नसतानासुद्धा गर्भ राहू शकतो, कारण पहिलं अंडं पहिल्या पाळीच्या आधीही सुटू शकतं. शंका असेल तर घे.

माझी मुलगी १५ वर्षांची आहे. एवढा मोठा हार्मोनचा डोस तिच्या वाढत्या शरीराला झेपेल?

डोस मोठा आहे हे खरंच आहे. लेव्होनॉर्जेस्ट्रेलच्या रोज घ्यायच्या छोट्या गोळीत ०.०३ मिलिग्रॅम असतं, म्हणजे ही एक गोळी तसल्या पन्नास गोळ्यांइतकी. ऐकून धस्स होतं. पण ती रोजची गोळी वर्षानुवर्षं घेतली जाते, आणि ही एकदाच, काही दिवसांत शरीराबाहेर जाणारी.

जागतिक आरोग्य संघटनेने वयाची कुठलीही खालची मर्यादा घातलेली नाही. जिला गर्भ राहू शकतो तिला ही गोळी चालते. ज्यामुळे गोळीचा धोका फायद्यापेक्षा मोठा ठरावा असा एकही आजार त्यांच्या यादीत नाही. हे औषध संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही आहे. पुढे मूल होण्यात अडचण येते, उंची खुंटते, चेहऱ्यावर केस येतात, या ऐकीव गोष्टींना आधार नाही.

त्रास होतो तो असा: मळमळ, डोकं दुखणं, थकवा, स्तन दुखरे होणं, मधूनच थोडं अंगावरून जाणं. एक-दोन दिवसांत ओसरतो. आणि तुलना करायचीच असेल तर गोळीची तुलना गोळी न घेण्याशी करू नका, पंधराव्या वर्षी राहिलेल्या गर्भाशी करा. शरीरावर खरा भार त्याचा असतो.

गोळी घेतल्यावर उलटी झाली.

लेव्होनॉर्जेस्ट्रेल घेतल्यावर दोन तासांच्या आत झाली असेल तर पुन्हा एक गोळी घे. युलिप्रिस्टलसाठी ही मर्यादा तीन तासांची. त्यानंतर झाली असेल तर औषध अंगात गेलंय, काळजी नको.

पाळी कधी येईल?

ठरलेल्या तारखेच्या आठवडाभर आधी किंवा आठवडाभर नंतर, दोन्ही चालतं. लेव्होनॉर्जेस्ट्रेलने ती बऱ्याचदा अलीकडे येते, युलिप्रिस्टलने पुढे जाते. मधेच थोडं रक्त दिसलं तर ‘पाळी आली, सुटले’ असं समजू नकोस. ते नुसतं औषधामुळे आलेलं रक्त असू शकतं. तारखेपेक्षा सात दिवस वर गेले, किंवा पाळी नेहमीपेक्षा फारच कमी आली, तर लघवीची चाचणी कर. चक्र अनियमित असेल आणि तारीखच ठाऊक नसेल तर संबंधाच्या दिवसापासून तीन आठवडे मोज आणि मग कर. त्याआधी केलेली ‘निगेटिव्ह’ भरवशाची नसते.

ओटीपोटात एका बाजूला जोराचं दुखत असेल, चक्कर येत असेल, तर चाचणीचा निकाल काहीही असो, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. गर्भ गर्भाशयाबाहेर राहिला असण्याची शक्यता तपासावी लागते.

कुठल्या औषधांबरोबर गोळी लागू पडत नाही?

फिटसाठीच्या काही गोळ्या (कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन), क्षयरोगावरचं रिफाम्पिसिन, एचआयव्हीवरचं इफाव्हिरेन्झ आणि सेंट जॉन्स वर्ट नावाची वनस्पती. यांच्यामुळे यकृत लेव्होनॉर्जेस्ट्रेल लवकर मोडून टाकतं. औषध बंद केल्यावरही चार आठवडे हा परिणाम राहतो. अशा वेळी तांबी सर्वांत चांगली. ती जमत नसेल तर लेव्होनॉर्जेस्ट्रेलची मात्रा दुप्पट घ्यायला सांगतात. फिटची गोळी घेणाऱ्या मुलीने केमिस्टला हे आपणहून सांगायला हवं, कारण समोरचा विचारेलच असं नाही.

वजनाचंही थोडं असंच. ७० किलोच्या वर लेव्होनॉर्जेस्ट्रेल कमी पडत असावं असं दिसतं. युलिप्रिस्टल किंवा तांबी मिळत असेल तर ती घ्यावी. दुसरं काहीच हाताशी नसेल तर मात्र वजनाकडे बघून गोळी टाळू नये.

तांबी? ती तर मुलं झालेल्या बायका बसवतात.

तसं समजतात खरं. मूल न झालेल्या, अगदी किशोरवयीन मुलीलाही तांबी बसवता येते. शंभरात एकीलाही गर्भ राहत नाही इतकी ती खात्रीची, आणि पुढे दहा वर्षंही काम करू शकते. अडचण एवढीच की ती चिठ्ठीशिवाय दुकानात मिळणारी वस्तू नाही. बसवणारा प्रशिक्षित माणूस पाच दिवसांच्या आत भेटावा लागतो, बसवताना दुखतं, आणि गोष्ट लपून राहणं कठीण. म्हणूनच सर्वांत प्रभावी उपाय किशोरवयीन मुलींच्या हाती सर्वांत कमी लागतो.

या महिन्यात एकदा घेतली होती. पुन्हा घेऊ शकते का?

घेऊ शकतेस, अपाय नाही. पण एकाच चक्रात दोन वेगवेगळ्या गोळ्या घेऊ नकोस, कारण युलिप्रिस्टल आणि लेव्होनॉर्जेस्ट्रेल एकमेकांच्या कामात अडथळा आणतात. पहिल्या वेळी जी घेतली तीच.

दुसरी गोष्ट: गोळीने अंडं पुढे ढकललंय, रद्द केलेलं नाही. ते काही दिवसांनी सुटणारच. त्यामुळे गोळी घेतल्यानंतरच्या दिवसांत कंडोमशिवाय संबंध आला तर गर्भ राहण्याची भीती उलट जास्त. गोळी ज्यासाठी घेतलीस त्या संबंधापुरतीच ती आहे, पुढच्यांसाठी नाही. दर महिन्याला हिची गरज पडत असेल तर रोजची गोळी, इंजेक्शन, दंडात बसवायची कांडी, तांबी यांपैकी काहीतरी बघ. सगळ्यांत हिच्यापेक्षा कमी धाकधूक आहे. लेव्होनॉर्जेस्ट्रेलनंतर रोजची गोळी लगेच चालू करता येते, युलिप्रिस्टलनंतर पाच दिवस थांबावं लागतं.

गोळी इतकी सहज मिळाली तर मुलं मोकाट सुटतील, असं नाही वाटत?

वाटणं साहजिक आहे. मात्र हे वाटण्यावर सोडायची गरज नाही, कारण तपासून पाहिलेलं आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातल्या १५ ते २४ वयाच्या २,११७ मुलींवरचा एक अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना गोळी आधीच घरी दिली, काहींना थेट दुकानातून घ्यायची मुभा दिली, आणि काहींना नेहमीसारखं दवाखान्यात जावं लागे. सहा महिन्यांनी बघितलं तर बिनकंडोमच्या संबंधांत तिन्ही गटांत फरक नव्हता, गुप्तरोगांतही नव्हता.

याच अभ्यासाचा दुसरा निकाल मात्र गोळीच्या बाजूने बोलणारे सांगायला विसरतात. गर्भ राहण्याचं प्रमाणही तिन्ही गटांत सारखंच होतं! घरी गोळी असलेल्या मुलींनी ती जास्त वापरली: त्यांच्यापैकी ३७ टक्के मुलींनी, तर दवाखान्यावाल्यांपैकी २१ टक्के मुलींनी. तरी एकूण आकड्यावर परिणाम दिसला नाही. जिथे धोका होता त्या बऱ्याच वेळा गोळी घेतलीच गेली नाही. म्हणजे सहज मिळणारी गोळी मुलांना बिघडवत नाही, आणि समाजातल्या नको असलेल्या गर्भारपणांची संख्याही एकटीच्या बळावर खाली आणत नाही. ती त्या रात्री, त्या एका मुलीच्या उपयोगाची आहे. मला तेवढं कारण पुरतं.

वयाची अट मुळात आली कुठून?

सगळ्यांत गाजलेली हकीकत अमेरिकेतली. प्लॅन बी नावाची गोळी तिथे १९९९ मध्ये चिठ्ठीवर मिळू लागली. डिसेंबर २००३ मध्ये औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने चिठ्ठी काढून टाकण्याच्या बाजूने २३ विरुद्ध ४ असा कौल दिला. एरवी अशा कौलानंतर मंजुरी मिळते. इथे मे २००४ मध्ये अर्ज फेटाळला गेला. कारण दिलं की १६ वर्षांखालच्या मुलींविषयी पुरेशी माहिती नाही. चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या इतर बहुतेक औषधांना असली अट कुणी घालत नव्हतं. दुकानात खुलेआम मिळणाऱ्या पॅरासिटामॉलचा डोस जास्त झाला तर यकृत निकामी होतं, पण ते घ्यायला कुणी वय विचारत नाही.

ऑगस्ट २००५ मध्ये निर्णय आणखी लांबला तेव्हा प्रशासनातल्या स्त्री-आरोग्य विभागाच्या प्रमुख सुसान वुड यांनी राजीनामा दिला. २००६ मध्ये १८ वर्षांवरच्यांना चिठ्ठी माफ झाली. २००९ मध्ये न्यायाधीश एडवर्ड कॉर्मन यांनी ती मर्यादा १७ वर आणायला लावली. २०११ च्या डिसेंबरात प्रशासनाच्या आयुक्त मार्गारेट हॅम्बर्ग अट पूर्ण काढायला तयार होत्या, तर आरोग्य खात्याच्या मंत्री कॅथलीन सेबेलियस यांनी तो निर्णय फिरवला. अकरा वर्षांच्या मुलींना सूचना समजतील का, असा त्यांचा मुद्दा होता. एप्रिल २०१३ मध्ये कॉर्मन यांनी पुन्हा आदेश दिला. प्रशासनाने मर्यादा १५ वर आणून पाहिली, आणि अखेर जून २०१३ मध्ये वयाची अट गेली. ७२ तासांच्या औषधाचा निकाल लागायला साडेनऊ वर्षं लागली.

आणि या अटीचा जाच अल्पवयीन मुलींपुरता नव्हता. वय तपासायचं म्हणून गोळी फळीवर न ठेवता काउंटरमागे ठेवत. मग तिशीतल्या बाईलाही ओळखपत्र दाखवून, चार लोकांसमोर मागून घ्यावी लागे. फार्मासिस्ट घरी गेला असेल तर दुकान उघडं असूनही गोळी बंद.

माझ्या मैत्रिणीसाठी मी आणू का? मी मुलगा आहे.

आण. जिथे वयाची अट नाही तिथे मुलानेही घ्यायला हरकत नाही. फक्त ती कुठली औषधं घेते ते विचारून जा, पावती ठेव, आणि गोळी तिच्या हातात दे. घ्यायची की नाही हे ती ठरवेल. ‘गोळी आहे ना’ म्हणून कंडोम टाळायचा विचार असेल तर एचआयव्ही, गनोरिया, सिफिलिस यांना ही गोळी अडवत नाही, हे लक्षात ठेव.

संबंध माझ्या मनाविरुद्ध झाला.

त्यात तुझी चूक नाही. गोळी लगेच घे, त्यासाठी तक्रार करायची की नाही हे आधी ठरवायला लागत नाही. पण या वेळी नुसत्या दुकानावर थांबू नकोस, दवाखान्यात जा. एचआयव्हीची लागण टाळणारी औषधं असतात, ती ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि पुढे २८ दिवस घ्यावी लागतात. ती दुकानातून आपली आपण घ्यायची नसतात. जमलं तर अंघोळ न करता आणि कपडे न धुता जा. अंघोळ झाली असेल तरीही जा. एकटी जाऊ नकोस, विश्वासाचं कुणीतरी बरोबर घे. घरातलंच माणूस गुन्हेगार असेल तर शाळेतल्या बाई, मैत्रिणीची आई, कुणीही चालेल.

घरात आधीच आणून ठेवावी का?

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्ये हेच सुचवलं: किशोरवयीन मुलींना गरज पडायच्या आधीच लिहून द्या. आईनेच आणून कपाटात ठेवली आणि ‘इथे आहे, विचारायची गरज नाही’ एवढंच सांगितलं, तर शोधाशोधीत जाणारे पहिले दहा-बारा तास वाचतात. पाकीट कोरड्या जागी ठेवा, न्हाणीघरातल्या फडताळात नको. मुदतीची तारीख वरच्या बाजूला ठळक लिहून ठेवा आणि ती उलटली की नवीन आणा.